बीर-बिलिंगला उडायला जायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीचं बोलणं सुरू झालं की बीरच्या पॅराग्लायडिंगबद्दलचे तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. काही उत्तरं टँडमवाल्यांसाठी आहेत, म्हणजे पायलटच्या पुढ्यात बसून एकदा उडून यायचंय अशांसाठी. काही स्वतःचा ग्लायडर पाठीवर टाकून निघालेल्यांसाठी. दोघांनाही लागू पडणारी गोष्ट अशी की तुमचं परतीचं तिकीट कधीचं आहे हे वाऱ्याला ठाऊक नसतं. हाताशी मोकळे दिवस जितके जास्त, तितकी ही सहल चांगली होते. खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतील.

बीर आणि बिलिंग एकच का?

नाही. बीर हे हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातलं, बैजनाथजवळचं गाव. उंची साधारण चौदाशे-पंधराशे मीटर. बिलिंग हे त्याच्या डोक्यावरचं कुरण, सुमारे २,४०० मीटरवर. उडायचं बिलिंगहून आणि उतरायचं बीरच्या क्योर भागातल्या मैदानावर. मधे १४ किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता आहे, जीपला पाऊण ते एक तास लागतो. राहायचं, खायचं ते सगळं बीरला.

मनालीला जाणारच आहोत. तिथे सोलंगला उडलो तर चालणार नाही का?

चालेल की, पण ते वेगळं प्रकरण आहे. सोलंगच्या खालच्या उतारावरून निघालात तर पाय जमिनीवरून सुटले-न सुटले तोवर उतरायची वेळ होते. बिलिंग आणि बीरच्या उंचीत हजारेक मीटरचा फरक आहे. हवेने काहीच साथ दिली नाही, नुसतं घसरत खाली यायचं म्हटलं, तरी पंधराएक मिनिटं सहज मिळतात. साथ दिली तर अर्धा तास आणि त्याहून जास्त.

बीरचं वेगळेपण भूगोलात आहे. धौलाधारची रांग इथे भिंतीसारखी उभी आहे आणि तिचे पुढचे उतार दक्षिणेकडे तोंड करून आहेत. सकाळपासून ऊन थेट त्यांच्यावर पडतं, खडक आणि गवत तापतं, त्याला लागून असलेली हवा तापून वर निघते. ही वर जाणारी हवा म्हणजे थर्मल. समोर कांगड्याची रुंद, शेतांनी भरलेली दरी आहे, त्यामुळे उतरायला जागा भरपूर. मागे डोंगर, पुढे दरी आणि पश्चिमेला धरमशाळेपर्यंत जवळजवळ अखंड जाणारी धार, असं सगळं एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतं. ऐंशीच्या दशकात इथे हँग ग्लायडरवाले आले, मागून पॅराग्लायडर आले, आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पॅराग्लायडिंग वर्ल्ड कपची फेरी इथे झाली.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा मध्य. यात फारसं दुमत नाही. पाऊस हवा धुऊन गेलेला असतो, बर्फाची टोकं स्वच्छ दिसतात, दुपारी गडगडाट होण्याचा धोका कमी असतो, आणि ओळीने आठ-दहा दिवस उडण्याजोगे मिळू शकतात. अडचण एवढीच की हे सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच महिन्यात युरोपातले पायलट येतात, दिल्ली-चंदीगडची शनिवार-रविवारची गर्दी येते, आणि दसरा-दिवाळीला आपण. जमलं तर सोमवार ते गुरुवार गाठा. शनिवारी बिलिंगच्या रस्त्यावर जीपांची जी रांग लागते ती बघून उडण्याची हौस निम्मी होते.

दुसरा हंगाम मार्च ते जूनचा पूर्वार्ध. मुलांच्या शाळांमुळे बऱ्याच मराठी कुटुंबांना मे महिनाच मिळतो, तर त्याविषयी स्पष्ट सांगायला हवं. मे महिन्यात उडता येतं, पण हवा ऑक्टोबरसारखी शांत नसते. ऊन कडक, थर्मल जोरदार, आणि दुपारनंतर ढग भराभर वाढून पाऊस, गारा, वीज हे सगळं येऊ शकतं. म्हणून मे महिन्यात टँडमला सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास निघा आणि दुपार मोमोंसाठी ठेवा.

१५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणांना सरकारी बंदी असते. या काळात कोणी “आपण गुपचूप करून देतो” म्हणाला तर त्याच्याशी पुढे बोलूच नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत ऊन पडलेल्या दिवशी उडणारे उडतात, पण पश्चिमी झंझावात आला की बिलिंगवर बर्फ पडतो आणि रस्ताच अडतो. थंडीत मुद्दाम उडण्यासाठी म्हणून एवढ्या लांब जाऊ नये.

किती दिवस ठेवू?

टँडमसाठी बीरमध्ये पूर्ण दोन दिवस, आणि मागे एक मोकळा. धरमशाळा, बीर, मनाली, शिमला सगळं सहा दिवसांत बसवणारे टूरवाले बीरला अर्धा दिवस देतात. त्या अर्ध्या दिवसात वारा बिघडला की माणसं हिरमुसून गाडीत बसतात. त्याहून वाईट म्हणजे “आजच करायचंय, उद्या निघायचंय” असा तगादा पायलटच्या मागे लावतात. डोंगरातल्या हवेत हा तगादा फार धोक्याचा असतो, कारण समोरच्यालाही रोजचे पैसे हवेच असतात.

शिकायला जाणाऱ्याने आठवडा-दहा दिवस धरावेत. स्वतः उडणाऱ्याने दोन आठवडे मिळाले तर घ्यावेत. त्यातले चार दिवस ढगात आणि चहात जातील हे आधीच मान्य करून निघा.

पुण्या-मुंबईहून पोचायचं कसं?

सगळ्यात रुळलेली वाट दिल्लीहून. विमानाने किंवा रेल्वेने दिल्ली, आणि तिथून रात्रीची व्होल्वो; साधारण बारा तास. काही बस थेट बीरला जातात, काही बैजनाथला किंवा हायवेवरच्या बीर रोडला सोडतात. तिकीट काढतानाच शेवटचा थांबा विचारून घ्या, म्हणजे पहाटे टॅक्सी शोधत फिरावं लागणार नाही.

विमानच हवं असेल तर कांगड्याचं गग्गल विमानतळ आहे, बीरहून दोन-अडीच तासांवर. छोटी विमानं, डोंगरातली हवा, त्यामुळे उड्डाणं उशिरा होतात किंवा रद्दही होतात. त्याच दिवशी दिल्लीहून पुढचं विमान असेल तर मधे चांगला वेळ सोडा.

रेल्वेची आवड असेल आणि दीड दिवस गाडीत काढायची तयारी असेल, तर पुण्याहून झेलम एक्सप्रेस पठाणकोट कँटला थांबते. मुंबईहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्सप्रेसही थांबते. पुढे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. पठाणकोट ते जोगिंदरनगर अशी १६४ किलोमीटरची नॅरोगेज लाईन आहे, १९२९ मध्ये सुरू झालेली, आणि तिच्यावरचं सर्वांत उंच स्टेशन अहजू हे बीरला लागूनच आहे. मात्र २०२२ च्या ऑगस्टमध्ये चक्की नदीवरचा पूल पडला आणि या लाईनची घडी विस्कटली. ती चालू धरून बेत आखू नका. चालू असेल तर मात्र जरूर बसा, खिडकीतून धौलाधार बघण्यासारखी दुसरी मजा नाही.

टँडम उड्डाणात नेमकं काय होतं?

बीरहून जीपने वर. हेल्मेट, हार्नेस, पट्टे. पायलट मागे, तुम्ही पुढे. ग्लायडर मागे पसरलेला असतो. वारा समोरून बरोबर आला की पायलट “भागो” म्हणतो आणि तुम्ही उताराकडे धावायचं. गोंधळ करण्यासारखी जागा हीच. दोन-तीन पावलं टाकली की दोऱ्या ताणल्या जातात, कोणीतरी मागे ओढतंय असं वाटतं, आणि माणूस थांबतो किंवा मटकन बसतो. बसायचं नाही. पाय हवेत हलायला लागले तरी “बैठ जाओ” ऐकू येईपर्यंत धावत राहायचं.

वर गेल्यावर सुरुवातीला धारेलगत फेऱ्या होतात. गिधाडं दिसतील, हिमालयन ग्रिफन, पंखांचा पसारा माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठा. ती पंख न हलवता गोल गोल वर जात असतील तिथे थर्मल आहे, हे पायलटलाही तेच सांगतात. मग दरीवरून मैदानाकडे. उतरताना पाय समोर उचलून धरायचे, आणि सांगेल तेव्हा उभं राहायचं किंवा चार पावलं धावायचं.

दर हंगाम, गर्दी आणि उड्डाणाचा वेळ यांवर ठरतो; साधारण अडीच ते चार हजार धरून चला. वर जायची जीप त्यात आहे का आणि व्हिडिओचे वेगळे किती, हे बोलणीतच मिटवा.

चांगला पायलट ओळखायचा कसा?

हे उत्तर सावकाश वाचा, बाकीची घाईत वाचली तरी चालतील.

हिमाचलात टँडम पायलटला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, त्याचं ओळखपत्र असतं. ते बघायला मागा. चांगला पायलट रागावत नाही, उलट खिशातून काढून दाखवतो. दिल्लीतल्या एजंटाकडे किंवा हॉटेलच्या काउंटरवर आधीच पैसे भरू नका. मग कोणाच्या हाती तुम्हाला सोपवतील यावर तुमचा काही ताबा राहत नाही. पोचलात की आदल्या संध्याकाळी लँडिंगच्या मैदानावर जाऊन तासभर बसा. कोण हलक्या पावलांनी उतरतो, कोण माणसाला फरफटत नेतो, उतरल्यावर कोण प्रवाशाचं हेल्मेट स्वतः काढून देतो आणि कोण त्याला सोडून पुढच्या गिऱ्हाइकामागे धावतो, सगळं दिसतं. तिथेच बोलून दुसऱ्या दिवसाचं ठरवा.

ग्लायडरचं कापड उन्हाने म्हातारं होतं. रंग उडून पिवळट पडलेलं, मऊ झालेलं कापड आणि गाठी मारलेल्या दोऱ्या दिसल्या तर नम्रपणे नाही म्हणा. रिझर्व्ह, म्हणजे संकटकाळचं दुसरं पॅराशूट, आहे का आणि शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी घातलं, हे विचारा. उत्तर महिन्यांत आलं पाहिजे, “हाँ हाँ, सब है” असं नाही.

निघायच्या आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा: दोन्ही मांड्यांचे पट्टे लावलेत का, छातीचं बकल बसलंय का, दोन्ही खांद्यांजवळचे कॅराबिनर, म्हणजे हार्नेस ग्लायडरला जोडणाऱ्या कड्या, बंद आहेत का, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आहे का. मांड्यांचे पट्टे सगळ्यात महत्त्वाचे. ते राहिले तर धावताना काही कळत नाही, कळतं ते पाय सुटल्यावर.

आणखी एक. टेक-ऑफवर दहा पायलट हात बांधून आकाशाकडे बघत बसलेत आणि तुमचा एकटाच “चलो चलो” करतोय, तर तुम्हीही बसा. गोल गोल गरगर फिरवण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्यालाही नको म्हणा. पहिल्याच उड्डाणात त्यातून उलटीपलीकडे फारसं काही मिळत नाही.

उंचीची भीती वाटते. जमेल का?

बऱ्याचदा जमतं. गच्चीच्या कठड्याशी पोटात जो गोळा येतो तो हवेत बहुतेकांना येत नाही, कारण पायापासून खालपर्यंत जाणारी भिंत डोळ्यांना दिसत नाही. खरा त्रास मळमळीचा. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि आलू पराठ्यांवर ताव मारूनही जाऊ नका. आलेपाकाची वडी खिशात ठेवा, नजर लांबच्या डोंगरावर ठेवा, आणि बरं वाटत नसेल तर लगेच सांगा. पायलट सरळ मैदानाकडे वळवतो. गाडी लागणाऱ्यांनी भर दुपार टाळून सकाळची किंवा चार वाजायच्या सुमाराची वेळ मागावी. उन्हं उतरल्यावरची हवा लोण्यासारखी असते.

वजन, वय, तब्येत?

बऱ्याच ठिकाणी मर्यादा ९० ते १०० किलोच्या आसपास. त्यापुढे मोठा ग्लायडर आणि अनुभवी पायलट लागतो, तेव्हा वजन खरं सांगा. लहान मुलांचं वय आणि वजन आधी कळवा. हलक्या मुलाला जोराच्या वाऱ्यात नेऊ नये. गरोदरपण, हृदयविकार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, मणक्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दारू प्यायलेल्या माणसाला कोणी घेऊ नये आणि बहुतेक घेतही नाहीत.

कपडे काय घालावेत?

घोटा धरून ठेवणारे बूट, पूर्ण पँट, वाऱ्याचं जॅकेट. खाली ऊन असलं तरी वर हात गारठतात, पातळ हातमोजे ठेवा. चष्म्याला दोरी बांधा. साडी, ओढणी, सँडल नको.

व्हिडिओचं काय?

पायलटकडे काठीवरचा कॅमेरा असतो, उतरल्यावर फाइल तुमच्या फोनवर देतात. फोनमध्ये जागा रिकामी ठेवा. स्वतःचा फोन चेनच्या खिशात बंद असू द्या. हजार फुटांवरून सुटलेला फोन खाली शेतात काम करणाऱ्या कोणाच्या तरी डोक्यात पडू शकतो, तुमच्या रील्सपेक्षा ती काळजी मोठी आहे.

हवेमुळे उडता आलं नाही तर पैसे परत?

प्रामाणिक माणसं परत देतात किंवा दुसरा दिवस देतात. म्हणून पूर्ण पैसे आधी देऊ नका. यूपीआय सगळीकडे चालतं, पण वर बिलिंगला नेटवर्क दगा देतं, थोडी रोकड असावी.

शिकायचं आहे. बीरला शिकू की कामशेतला?

सुरुवात कामशेतला करा, असं माझं मत आहे. पुण्या-मुंबईहून दोन-तीन तासांत पोचता, डोंगर ठेंगणे आहेत, समुद्राकडून येणारा वारा बऱ्यापैकी एका लयीत वाहतो आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत शाळा चालू असतात. पहिले काही दिवस तर उडायचंच नसतं. सपाटीवर ग्लायडर डोक्यावर उभा ठेवायला शिकायचं, त्याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात. ज्याने हे नीट घोटलं त्याचं पुढे सगळं सोपं जातं, आणि यासाठी हिमालयापर्यंत जायची गरज नाही. पाचगणीलाही उडतात, पण तिथले कडे आणि वारा नवख्यासाठी नाहीत.

बीरला शाळा आहेत आणि चांगल्या आहेत. तिथे खरा फायदा आहे तो पी-२, म्हणजे दुसऱ्या पातळीचा कोर्स, झाल्यावर, थर्मल शिकण्यासाठी.

कामशेतला पी-२ केलंय, पंचवीस-तीस उड्डाणं झालीत. बीरला स्वतः उडू शकतो का?

मार्गदर्शकासोबत, हो. एकट्याने नको.

कामशेतला तुम्ही जे करता ते बहुतांशी रिज सोअरिंग. वारा डोंगराला आपटून वर वळतो, त्या पट्ट्यात इकडून तिकडे जायचं. बीरला हवा तुकड्यातुकड्यांनी वर येते. थर्मलच्या आत सेकंदाला चार-पाच मीटर वर, आणि कडेला तितकीच खाली ओढणारी हवा. त्या सीमेवर ग्लायडरची एक बाजू मिटू शकते, आणि ती मिटायच्या आधी हातांना कळायला लागतं. हे पुस्तक वाचून येत नाही. तलावावर सुरक्षेची साधनं लावून जो एसआयव्ही कोर्स घेतात, म्हणजे हवेत पंख मिटला तर सावरायला शिकवणारा, तो इथे येण्याआधी झालेला असेल तर उत्तम. पंख, म्हणजे ग्लायडर, ईएन-ए किंवा सौम्य ईएन-बी असावा; या सुरक्षेच्या श्रेणी आहेत, ए सगळ्यात सौम्य. कोणीतरी स्वस्तात विकतोय म्हणून सी श्रेणीचा उचलून आणू नका.

दिवसाचं घड्याळही वेगळं असतं. सकाळी साडेनऊ-दहाला हवा जागी होऊ लागते, बारा ते दोन सगळ्यात जोरात, आणि दुपारी दरीतला वारा वाढल्याने मैदानावर उतरणंही आडमुठं होतं. पहिले काही दिवस लवकर उडा, लवकर उतरा, नाहीतर थेट साडेतीननंतर निघा.

पुढच्या धारेच्या मागे जायचं नाही. ही बीरमधली पहिली आणि शेवटची ताकीद. ढग उंच असले की मागची बर्फाची शिखरं हाताशी आल्यासारखी वाटतात आणि पंख चार हजार मीटरच्या वर पोचलेला असतो. तिथे उतरायला सपाट जागा नाही. देवदाराची दाट जंगलं, उभे कडे, डोंगराआड घोंघावणारा उलटा वारा, आणि फोनला नेटवर्क नाही. इतक्या उंचीवर विरळ हवेने आणि थंडीने डोकंही धीमं चालतं, निर्णय चुकतात. हंगामात बेपत्ता झालेल्या पायलटांचा शोध बहुधा याच भागात घ्यावा लागतो आणि हेलिकॉप्टर पोचलं तरी तिथून माणूस उचलणं सोपं नसतं.

गर्दीचे नियम पाठ असू द्या. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट. थर्मलमध्ये जो आधीपासून फिरतोय त्याच्याच दिशेने फिरायचं. ऑक्टोबरमध्ये एका थर्मलमध्ये डझनांनी पंख असतात. नियम विसरलात तर पहिल्यांदा शिव्या कानावर येतात आणि नशीब नसेल तर दोऱ्या दोऱ्यांत अडकतात.

उतरल्यावर ग्रुपवर “सेफ” कळवायचं, रोज, न चुकता. सवय नसल्याने लोक झाडाखाली चहा पीत बसतात आणि इकडे शोधाशोध सुरू होते.

नोंदणी लागते का?

एकट्याने उडणाऱ्यांनी बीरमध्ये पोचल्यावर स्थानिक प्राधिकरणाकडे, ज्याला तिथे सगळे साडा म्हणतात, नोंदणी करावी. लायसन्स, विम्याचे कागद, ओळखपत्र यांच्या प्रती सोबत ठेवा.

ग्लायडर विमानातून कसा न्यायचा?

पूर्ण किट पंधरा ते वीस किलोंवर जातं आणि देशांतर्गत विमानात बहुधा पंधराच किलो मिळतात, तेव्हा जादा वजन आधीच घेऊन ठेवा, काउंटरवर महाग पडतं. व्हॅरिओ (वर-खाली जाण्याचा वेग दाखवणारं यंत्र), रेडिओ, पॉवर बँक, सगळ्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. हेल्मेट शक्यतो हातात. गग्गलच्या छोट्या विमानात सामान मागे राहण्याची शक्यता असते. किट असेल तर मी बसच सुचवेन.

भाऊ परदेशातून येतोय, तो स्वतः उडतो. त्याला काय सांगू?

सगळ्यात आधी हे सांगा की गार्मिन इनरीचसारखं सॅटेलाइट यंत्र आणू नको. आल्प्समध्ये ते प्रत्येकाच्या खांद्यावर असतं, भारतात सरकारी परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर अटक झाल्याची उदाहरणं आहेत, अगदी गोव्यातसुद्धा. त्याऐवजी इथलं सिमकार्ड, फोनवरचं लाइव्ह ट्रॅकिंग आणि रेडिओ. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेचं आयपीपीआय कार्ड, म्हणजे पायलटची पातळी सांगणारा आंतरराष्ट्रीय दाखला, आणावं, म्हणजे कोणत्या देशाची कोणती पातळी हा वाद होत नाही.

नेहमीचा प्रवास विमा पुरतो का?

बहुधा नाही. पॅराग्लायडिंग बऱ्याच पॉलिसींत “धाडसी खेळ” म्हणून वगळलेलं असतं. पॉलिसीत तो शब्द शोधा. स्वतः उडणाऱ्यांनी शोध आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलेला आहे का तेही पाहा. मोठ्या इस्पितळासाठी धरमशाळा-टांडा बाजूला जावं लागतं, म्हणजे रस्त्याने तास-दोन तास.

राहायचं कुठे, खायचं काय?

तिबेटी वस्तीत आणि चौगानच्या आसपास होमस्टे, हॉस्टेल, बरी हॉटेलं सगळं आहे. मैदानाजवळ गजबज, वरच्या बीरमध्ये आणि गुनेहरकडे शांतता. ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी आधी ठरवून जा, इतर वेळी दोन दिवसांचं घेऊन तिथे बघून पुढचं ठरवलंत तर मोकळीक राहते.

थुक्पा, मोमो, टिंगमो तर आहेच. राजमा-चावल कुठेही मिळतो. पण कोणाकडे लग्नाचं वगैरे बोलावणं आलं आणि कांगडी धाम वाढत असतील तर उड्डाण सोडून जा. पंगतीत बसून पत्रावळीवर भात, मद्रा, एकामागून एक येणाऱ्या डाळी. पंगतीचं प्रेम असलेल्या मराठी माणसाला तिथे परकं वाटत नाही.

हवा वाईट असेल त्या दिवशी काय करायचं? आणि सोबतचे आई-बाबा उडणार नाहीत.

दोघांचं उत्तर एकच. बैजनाथला जा, बीरपासून अर्ध्या तासावर. १२०४ साली दोन व्यापारी भावांनी बांधलेलं दगडी शिवमंदिर आहे, मागे धौलाधार. परळीच्या वैजनाथाचं दर्शन घेतलेल्या आई-बाबांना इथे पुजाऱ्यांशी बोलायला विषय मिळेल. दसऱ्याला गेलात तर एक गोष्ट लक्षात येईल: बैजनाथमध्ये रावण जाळत नाहीत, कारण तो शिवाचा भक्त.

पालमपूरकडे चहाचे मळे आहेत. वाटेवर अंद्रेटा, जिथे नोरा रिचर्ड्स नावाच्या आयरिश नाटककार बाई येऊन राहिल्या आणि पुढे चित्रकार सोभा सिंग. आज तिथे मातीच्या भांड्यांचं काम बघता येतं, स्वतः चाकावर बसताही येतं. दुसऱ्या दिशेला जोगिंदरनगरचं शानन वीजघर आणि वर बरोट. उहल नदीचं पाणी बरोटहून डोंगर फोडून इथे आणलं, तेही १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. इंजिनिअर असलेल्या बाबांचा दिवस तिथे सत्कारणी लागतो.

बीरमध्येच राहायचं तर चोकलिंग मठ मैदानापासून चालत आहे, आणि शेराबलिंगचा मठ पाइनच्या जंगलात थोडा लांब. धडधाकट असाल तर बिलिंगहून राजगुंध्याचा ट्रेक करा. संध्याकाळी मात्र सगळ्यांनी मैदानाच्या कडेला बसावं. चहा मिळतो, आणि एकामागून एक रंगीत पंख उतरताना बघण्यात उडणाऱ्यांचाही तास निघून जातो.

परतीची बस संध्याकाळची आहे. त्या दिवशी सकाळी उडून घेतलं तर?

आधी एकदा उडून झालं असेल तर खुशाल घ्या. सकाळी नऊला वर गेलात तर दुपारच्या जेवणापर्यंत खाली असता. पण तेच तुमचं एकमेव उड्डाण असेल तर तसा बेत करू नका. बस दुसऱ्या रात्रीची घ्या. आणि तारीख बदलता येणारं तिकीट दहा-वीस टक्क्यांनी महाग असलं तरी बीरसाठी तेच काढा.